डोह नंबर एकोणीस

देवमन तायड्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि तरी त्याचं डोकं फिरवलं ते समुद्राच्या एका नकाशाने. एकसष्ट साली अमरावतीत 'नदी-मत्स्य पाहणी कचेरी' नावाचं तीन खोल्यांचं ऑफिस उघडलं. त्यात देवमन नकाशे काढायला लागला. तिथले मोठे साहेब, बापूसाहेब, दक्षिणेकडच्या समुद्रावर तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले होते. येताना त्यांनी पोवळ्याच्या खडकांचा एक रंगीत नकाशा आणला आणि आपल्या खुर्चीमागे भिंतीवर टांगला. पाण्याखाली पोवळ्याचं अख्खं गाव वसलेलं. कुठल्या कपारीत कुठला मासा राहतो, अंडी कुठे घालतो, पिल्लं कुठे वाढतात, सगळं वेगवेगळ्या रंगांत दाखवलेलं. जिथे पिल्लं वाढतात त्या जागेभोवती लाल रेघ होती. त्या रेघेच्या आत जाळं टाकायला बंदी असते, दर वर्षी माणसं पाण्यात उतरून मासे मोजतात आणि रेघ नीट काम करते की नाही ते बघतात, असं साहेबांनी सांगितलं.

देवमन डबा खायचा तोसुद्धा त्या नकाशाकडे तोंड करून. रेघांचं त्याच्या घराण्याला काही नवल नव्हतं. गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या रेघा मारूनच बाहेर ठेवलं होतं. पण कुणाला तरी वाचवायला मारलेली रेघ तो पहिल्यांदाच पाहत होता. असं काम आपल्या हातून व्हावं असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. वाईट पुढे झालं.

"आपल्याकडे पोवळं नाही, तायडे," बापूसाहेब म्हणाले. "आपल्याकडे डोह आहेत. उन्हाळ्यात पूर्णा आटते आणि सगळा मासा डोहात गोळा होतो. पावसाळ्यात तिथूनच तो नदीभर पसरतो. डोह म्हणजे नदीचं बियाणं. तेवढे डोह मोजून नकाशावर आणा. चांगले निघतील ते आपण राखीव करू."

बासष्टच्या फेब्रुवारीत देवमन निघाला. दर्यापूरपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, आणि नदी लागली की पाय. सोबत मोजणीची साखळी, नकाशाची फळी आणि शिशाचा गोळा बांधलेली गाठीगाठीची दोरी. अमरावतीकडून अकोल्याच्या हद्दीपर्यंत पूर्णेचा एकेक डोह गाठायचा, डोंग्यात बसून दोरी सोडायची, खोली लिहायची, तळाला माती की वाळू की चुनखडीचा थर ते बघायचं. मग भोयांकडून तीन वेळा जाळं टाकवून घ्यायचं, आलेला मासा मोजायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. मोजून सोडलेल्या मरळीकडे बघून भोयांची तोंडं कडू व्हायची. भर उन्हात पेन धरून नदीत हिंडणाऱ्या, हातचा मासा सोडून देणाऱ्या माणसाला ते दुसरं काय समजणार?

अठरा डोह झाले. एकोणिसाव्याला काम अडलं. गव्हाणखेडच्या खालच्या अंगाला नदी वळण घेते, त्या वळणात हा डोह होता, आणि गव्हाणखेडचे भोई त्याला डोंगा द्यायला तयार नव्हते. त्यांचा मुखत्यार जानराव म्हणाला, "त्या पान्यात आमी जात नाई. तो आसराचा डोह हाय. तुमी पुढचा मोजा." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी, त्यांचे काठावर शेंदूर फासलेले सात दगड, आणि त्यांच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही असा नेम. पूर्णेवर असे डोह देवमनला आधीही लागले होते. पण डोंगाच मिळत नाही असं कुठे झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठावर बसून होता. तेव्हा एक म्हातारी डोंगा ओढत आली. मनकर्णाबाई तिचं नाव. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, जाळं स्वतः विणणारी, स्वतः टाकणारी, आणि जानरावाची चुलती, त्यामुळे तिला अडवायची छाती गावात कुणाची नव्हती.

"काहून मोजून राहिला रे बाबू मासे?" तिने विचारलं.

देवमनने पोवळ्याचा नकाशा, लाल रेघ, राखीव डोह, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुयी रेघ सरकारची असन, अन् ती कोनी मोडनार नाई?"

"नाई मोडनार."

"मंग बस डोंग्यात. पन एक गोठ. हा आसराचा डोह हाय असं लिवशीन. ते पयले लिवशीन, मंग बाकीचं."

तिने डोंगा पाण्यात ढकलला. त्यानंतर नऊ दिवस ती त्याला त्या डोहावर फिरवत होती. देवमनने तोवर पाहिलेले डोह आणि हा डोह यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. एका काठाला चुनखडीचा थर पाण्याखाली पुढे आलेला, आणि त्याला हात हात खोल कपारी. पोवळ्याच्या नकाशात होत्या तशाच. कपारीत वाम, तळाशी शिंगाळे, लव्हाळ्याच्या कडेला मरळीच्या जोड्या. मरळीची पिल्लं लालभडक, घोळक्याने वर यायची, आणि खाली आईबाप पहारा करत असायचे. इथे मनकर्णाबाईने जाळं काही टाकलं नाही. ती डोंगा थांबवून बोटाने दाखवायची आणि आकडा सांगायची. देवमनने तिचे आकडे दोन दिवस पडताळून पाहिले, आणि तिसऱ्या दिवसापासून नुसते उतरवून घेतले.

पहिल्या दिवशी त्याला तहान लागली तेव्हा तिने गडव्यातलं पाणी वरून त्याच्या ओंजळीत ओतलं होतं. तो ते प्याला, पण दिवसभर पुन्हा त्याने पाणी मागितलं नाही. सहाव्या की सातव्या दिवशी तिने बोलता बोलता गडवाच त्याच्या हातात दिला. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. देवमनच्या आलं. त्याने ते शालूला, आपल्या बायकोला, घरी गेल्यावर पहिल्यांदा सांगितलं, डोहाचं नंतर.

निघायच्या दिवशी मनकर्णाबाईने विचारलं, "लिवलं ना बाबू?"

"लिवलं, माय. सारं लिवलं."

ते खोटं होतं. तक्ता अजून भरायचाच होता, पण 'सारं लिहीन' असं वचन द्यायला जीभ वळली नाही, कारण काय लिहायचं नाही हे त्याच्या मनात तेव्हाच ठरलेलं होतं.

प्रत्येक डोहाचा एक छापील तक्ता असे. लांबी, रुंदी, खोली, तळ, मासे, आणि शेवटून दुसऱ्या रकान्यात 'देवस्थान आहे / नाही'. हा रकाना इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. देवस्थानाचं पाणी मासेमारीच्या ठेक्याने द्यायचं नाही असा जुना नियम होता, म्हणून विचारायचं. देवमनने आजवरच्या सगळ्या तक्त्यांत तिथे 'नाही' लिहिलं होतं, दगड असोत की नसोत.

त्याला कारण होतं, आणि ते हलकं नव्हतं. छप्पन साली तो आपल्या बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरी परत आल्यावर बापाने, पुंजाजीने, देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरले आणि पूर्णेत नेऊन सोडले. वीस वर्षांचा देवमन टोपली धरून बापाच्या मागे चालला होता. त्याच पूर्णेच्या त्याच घाटावर त्याच्या आईला पाणी भरायची मनाई होती, कारण वरच्या अंगाला आसरांचे दगड होते आणि तिची सावली पडली असती. एकदा पडली होती. आईने त्यापायी काय ऐकून घेतलं ते देवमन विसरला नव्हता. आता त्याच दगडांना सरकारी कागदावर, स्वतःच्या सहीने, देव म्हणायचं? ते त्याच्याने होणार नव्हतं. त्यापेक्षा मासा स्वतःच्या बळावर वाचेल, खऱ्या कारणाने वाचेल, असं त्याला वाटलं. एकोणिसाव्या तक्त्याच्या शेऱ्यात त्याने भरगच्च लिहिलं: पिल्लं वाढण्याचं उत्तम ठिकाण, पाहिलेल्या सर्व डोहांत मासा सर्वांत जास्त, तातडीने राखीव करावा. आणि देवस्थानाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'.

तक्ते तपासायला मोरोपंतांकडे जात. मोरोपंत हे हेडक्लार्क, अमरावतीच्या एका जुन्या भिक्षुकाच्या घरातले, तपकीर ओढणारे आणि फार न बोलणारे. त्यांनी त्या दिवशी देवमनला बोलावून घेतलं.

"तायडे, राग मानू नका. गव्हाणखेडच्या डोहावर आसरा आहेत ना?"

"दगड आहेत," देवमन म्हणाला.

"मग रकान्यात 'आहे' लिहा."

"का म्हणून?"

"कारण तुम्ही शेऱ्यात लिहिलंत मासा सर्वांत जास्त. मी तीस वर्षं सरकारी कागद वाचतो आहे. वरचा माणूस शेरा अर्धाच वाचतो. मासा जास्त, एवढंच वाचेल. सरकार माशाला भीत नाही. देवीला थोडं भितं."

सल्ला लाखमोलाचा होता. पण तो देणाऱ्याच्या खांद्यावर जानवं होतं, आणि देवमनला एवढंच दिसलं. "देव मानायचे की नाही ते आम्ही ठरवलंय, पंत," तो म्हणाला. "तुम्ही तक्त्यातल्या बेरजा तपासा."

मोरोपंतांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तक्त्यावर सही केली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. माणसाने एकदा सांगून बघावं आणि ऐकणाऱ्याने हाकलून दिल्यावर गप्प बसावं, याला शहाणपण म्हणतात. मला मात्र वाटतं की त्यांनी आणखी एकदा सांगायला हवं होतं.

नकाशा सुंदर झाला. बापूसाहेबांनी तो पोवळ्याच्या नकाशाशेजारी टांगला. पूर्णा निळ्या शाईने, डोह आकड्यांसह, आणि एकोणिसाव्याभोवती लाल रेघ. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने तो पाहून देवमनची पाठ थोपटली. नकाशाच्या प्रती काढून वर पाठवल्या गेल्या.

त्रेसष्टच्या जानेवारीत वरून यादी आली. पूर्णेच्या डोहांची मासेमारी ठेक्याने देण्याचं ठरलं होतं, आणि पहिल्या वर्षी एकच डोह काढला होता, डोह नंबर एकोणीस. कारण छापलेलं होतं: पाहणीनुसार मासा सर्वांत जास्त.

देवमन यादी घेऊन बापूसाहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी ती दोनदा वाचली, आणि त्यांनाही वाईट वाटलं, हे मान्य केलं पाहिजे. पण वाईट वाटणं हे काही खात्यातलं काम नव्हे.

"राखीव करायचा अधिकार आपल्याला नाही हो, तायडे. आपण फक्त शिफारस करतो."

"साहेब, तिथे आसरांचं ठाणं आहे. नियमाने ठेका देता येत नाही."

साहेबांनी तक्ता मागवला. तो बघितला, आणि देवमनपुढे सरकवला. "इथे 'नाही' लिहिलंय. सही तुमची. आता 'आहे' म्हणालात तर एक तर तेव्हा खोटं लिहिलंत, नाही तर आता. दोन्हींत तुमची नोकरी जाते आणि बाकीच्या तक्त्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सगळी पाहणी बुडेल. सांगा, काय करू?"

शालूला तेव्हा सातवा महिना होता, आणि तायड्यांच्या घरात सरकारी पगार पहिल्यांदाच येत होता. देवमन आपल्या टेबलाशी येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत शाईच्या बाटलीचं बूच उघडत-लावत राहिला.

महिन्याभरात गव्हाणखेडच्या भोयांचा अर्ज आला. कुणा मास्तराच्या हातचा, खाली बावीस अंगठे. हा डोह आमच्या आसरांचा आहे, बापजाद्यांपासून यात जाळं पडलेलं नाही, ठेका रद्द व्हावा. उत्तराचा मसुदा करायचं काम मोरोपंतांवर आलं. त्यांनी तो लिहिला आणि पाठवण्याआधी देवमनच्या टेबलावर आणून ठेवला. 'पाहणीकार श्री. देवमन पुंजाजी तायडे यांनी प्रत्यक्ष जागेवर नऊ दिवस राहून केलेल्या पाहणीनुसार सदर ठिकाणी देवस्थान नाही. सबब अर्ज नामंजूर.' देवमनने तो कागद वाचला आणि परत केला. दुसऱ्या दिवशी तो टपालात पडला.

ठेकेदार अकोल्याचा होता. त्याने जाळं टाकलंच नाही. कपारीतला मासा जाळ्यात येत नाही. विहिरी खणणाऱ्या दोन माणसांना त्याने आणलं, आणि मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, चुनखडीच्या थराखाली सुरुंग लावले. चार बार काढले. मासा पांढरी पोटं वर करून आला. त्यातला मोठा तेवढा गाड्यांत भरून गेला, बारका काठावर सडला. ही बातमी देवमनला ऑफिसात कळली. तो उठून मागच्या अंगणातल्या नळावर गेला आणि तोंड धूत राहिला. रडू त्याला ऑफिसात दाखवायचं नव्हतं.

चौसष्टच्या एप्रिलमध्ये दुसरी पाहणी निघाली. पाहणी म्हणजे एकदा मोजून चालत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, हे तर खुद्द देवमननेच साहेबांना पटवलं होतं. अठरा डोह त्याने मोजले. एकोणिसावा वगळता आला असता, तसं कुणी विचारलंही नसतं. पण तो गेला. एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मनकर्णाबाई काठावर होती. तिने त्याला लांबून ओळखलं आणि डोंगा सोडला, जणू कालच भेट झाली होती. दोघं पाण्यावर गेली. देवमनने दोरी सोडली. मागच्या वेळी चौदा हात होती तिथे सहा हात भरली. थर कोसळून डोह बुजला होता. मरळीची जोडी दिसली नाही, लाल पिल्लांचा घोळका दिसला नाही. एका जागी चार झिंगे दिसले, ते त्याने लिहिले.

"आमचा अर्ज आल्ता तुया हापिसात," मनकर्णाबाई म्हणाली. "मास्तरनं उत्तर वाचून दाखोलं. तुयं नाव होतं त्यात. जानराव म्हने, हा दुसरा कोनी तायडे असन. मी बी तसंच म्हनलं."

"मीच होतो, माय."

"काहून लिवलं तसं?"

देवमनने सांगितलं. दीक्षेचं सांगितलं, टोपलीतल्या देवांचं, आईच्या सावलीचं. त्या दगडांना देव म्हणणं जमलं नाही म्हणाला. हे सगळं त्याने फार दिवस मनात घोटून ठेवलं होतं, आणि ते खरंही होतं. म्हातारीने वल्हं आडवं धरून सगळं ऐकलं.

"तुया मायले बोलले ते लोक वाईटच," ती म्हणाली. "त्याईचं काई सांगू नोको. पन इतका नकाशा काढला तू, अन् हे नाई पुसलं का या काळ्या मातीत दगड आला कुठून? चुनखडी सोडली तं दहा कोसात गोटा सापडत नाई इथं. माया सासऱ्यानं गाडी जुतून चिखलदऱ्याच्या पायथ्याहून आनले ते सात दगड. मी नवी नवरी होती, शेंदूर मी कालवला. त्या साली लोक पिल्लावाल्या मरळी मारून राहिले होते, कोनी कोनाचं आयकत नोतं. सासरा म्हने, मानसाचं आयकत नाई, आसराचं आयकतीन. मी तरी कुठं पाह्यली रे आसरा. आमी रेघ मारली होती. तू म्हनला ना, रेघ. तशीच."

देवमनला वर बघवेना. त्याने ज्या दगडांशी झगडा मांडला होता ते दगड त्याच्याच पक्षाचे होते. तो एकटा काय, सगळी कचेरी, सगळं खातं जे दोन वर्षं करू पाहत होतं, ते एका भोयाने बैलगाडी जुंपून कधीच करून ठेवलं होतं, आणि ते पुसून टाकायला देवमनचा एक शब्द पुरला होता. ज्या आसरेने त्याच्या आईला हाकललं ती आणि ही, दोन्ही शेंदराच्याच. ओळखायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण विचारता तर आलं असतं. शेजारी डोंग्यात नऊ दिवस ती बसलेली होती.

"कितीक डोह लिवले तू समदे?" मनकर्णाबाईने विचारलं.

"चौतीस."

"अन् आसरा कितीक जागी होती?"

त्याला तक्ते बघायची गरज पडली नाही. "अकरा जागी."

"अन् त्या अकराईवर बी 'नाई'च लिवलं?"

देवमनने होकारार्थी मान हलवली. ठेक्यांची या वर्षीची यादी त्याच्या पिशवीत होती आणि तिच्यात त्या अकरांतलेच पाच डोह होते, हे त्याने सांगितलं नाही.

तिने डोंगा काठाला लावला, तो उतरेपर्यंत धरून ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या डोहावर जाशीन तं त्याईले आधी सांगजो. आमाले कोनी सांगतलं नोतं."

देवमनने साखळी गोळा केली, फळी खांद्याला लावली आणि काठाकाठाने खाली चालू लागला. वीस नंबरचा डोह तिथून दीड कोसावर होता. मोजणीवाले साहेब येणार म्हणून तिथल्या भोयांनी सकाळीच डोंगा धुऊन ठेवला होता आणि बाभळीच्या सावलीत बसायला घोंगडी टाकली होती. त्यांचा त्याच्यावर फार भरवसा होता. दोन वर्षांपूर्वी निघताना त्यांनीही त्याला आपल्या आसरांचं लिवलं का म्हणून विचारलं होतं, आणि त्यांनाही त्याने हेच सांगितलं होतं की सारं लिवलं.